वाट माणसांची की ढोरांची?

प्रबंधासाठी पर्यटकांमुळे जंगलावर होणारा परिणाम हा विषय घेणार असाल, तर पुस्तकातलं उदाहरण कुठलं आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी ते राष्ट्रीय उद्यानाचं असतं. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, पण मराठवाड्यात एकही नाही. आपल्याकडे गौताळा, येडशीचं रामलिंग, नायगाव, जायकवाडी. ही सगळी अभयारण्यं. मला हा फरक नुसता कागदावरचा वाटला होता. त्यात माझं एक वर्ष गेलं.

मी गौताळा घेतलं. पावसाळ्यात कन्नडकडून येणारी रविवारची गर्दी पाहिली आणि निष्कर्ष तिथेच मनात ठरवून टाकला. मग वाटांची रुंदी मोजली, मातीचा घट्टपणा काढला. लोखंडी कडं मातीत ठोकायचं, आतली माती १०५ अंशांवर २४ तास वाळवायची आणि वजनाला घनफळानं भागायचं. वाटेवरची माती झुडपाखालच्या मातीपेक्षा चांगलीच घट्ट निघाली. मी ऐटीत लिहिलं, 'पर्यटकांनी तुडवल्यामुळे'.

शेवटच्या फेरीत एक गुराखी माझ्या लोखंडी कड्याकडे बघत उभा राहिला. "ताई, ही वाट काय टुरिस्टची न्हाई. आमचा आजा बी इथूनच ढोरं न्यायचा."

मी प्रबंधातलं एक अक्षरही बदललं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं आणि मी गप्प.

राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवता येतं, पण ती सगळीकडे बंद असतेच असं नाही. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानातल्या अभ्यासात तुडवलेली वाट म्हणजे पर्यटक हे बऱ्यापैकी धकून जातं, आपल्याकडे नाही. इथे तीन प्रकारच्या जागा लागतात: माणसं आणि ढोरं दोन्ही जातात ती, फक्त ढोरं जातात ती, आणि दोन्ही जात नाहीत ती. पहिलीतून दुसरी वजा केली की पर्यटकांचा वाटा दिसायला लागतो. तिन्हींचा उतार सारखा हवा, माती सारखी हवी, पाण्यापासूनचं अंतरही. तिसरी जागा शोधताना जीव जातो. मला ती रोपवनाच्या जुन्या कुंपणाआत सापडली. प्रत्येक जागी शेणाचे पो आणि खुरांचे ठसे मोजा, चिप्सची पाकिटंही मोजा. कंटाळवाणं आहे, पण करा. आणि सगळे नमुने एकाच हंगामात घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जूनचे आकडे ऑक्टोबरच्या आकड्यांशेजारी ठेवलेत तर तुम्ही फक्त पाऊस मोजलात. मुरमात कडं शिरत नाही. तिथे खड्डा खणा, माती जपून ठेवा, खड्ड्यात प्लास्टिक अंथरून मोजलेली वाळू भरा, जेवढी मावली तेच मातीचं घनफळ.

घाबरू नका, नुसता पीएच पेपर आणि मोजपट्टी घेऊन सुरुवात केलेल्यांचंही होतं.

वहनक्षमतेची, म्हणजे एखादी जागा किती पर्यटक झेपवू शकते त्याची, तयार एक्सेल शीट मात्र सिनियरकडून घेऊ नका. क्षेत्रफळ टाकलं की 'रोज इतके पर्यटक चालतील' असा आकडा बाहेर पडतो, प्रबंधाचे गाईडही खूश होतात. पण गवत माणशी हिशेबानं मरत नाही. बरंचसं नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होतं, पुढच्या शेकडो पावलांनी त्यात तुलनेनं कमी भर पडते. म्हणून 'गर्दी तीन वाटांवर विभागा' हा माझ्या प्रबंधातला सल्ला चुकीचा होता; त्यानं एका मेलेल्या वाटेच्या तीन झाल्या असत्या. माझ्या गाईडनी तो वाचून त्यावर टिक केली होती. गाईड शहरातला असेल तर गावातला एक गुराखी मामा जोडीला ठेवाच, चहापाण्याचा खर्च प्रवासखर्चात धरा.

संशोधनासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. पावसाळ्यात काम करायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका.

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा वाटांवरचा फरक जवळजवळ सगळा ढोरांचाच निघाला. माणसांचा ठळक परिणाम उरला तो धबधब्याच्या काठावर, जिथे फोटोसाठी सगळे एकाच कडेला उभे राहतात. तेवढ्या तुकड्यावर मी नवा प्रबंध लिहिला. कडं अजून माझ्याकडे आहे, एका बाजूनं जरा वाकलंय.