रिबिल्ट पियानो घरी आला आणि पट्टी अडकतेय? पैशांच्या बाबतीत या चुका टाळा

जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो, रिबिल्ट होऊन (खोलून, जुने भाग बदलून) टेम्पोतून येतो, चार जण घामाघूम होऊन तो जिन्याने वर चढवतात आणि त्या आनंदात आपण उरलेले सगळे पैसे तिथल्या तिथे जीपे करून मोकळे होतो. मीपण हेच केलं. आठवड्यात मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायलाच मागेनात, आणि कारागिराने "येतो येतो" करत दीड महिना लावला, कारण त्याचं माझ्याकडे काही अडकलेलंच नव्हतं ना!

त्यामुळे साधारण दहा टक्के मागे ठेवा, पण हे काम द्यायच्या आधीच ठरवा, डिलिव्हरीच्या दिवशी अचानक नाही. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे पियानो त्या खोलीच्या हवेत रुळू द्यायचा, मग ट्युनिंग आणि बारीकसारीक कामं झाली की बाकी रक्कम, असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

उलटी चूकपण होते. एक पट्टी अडकते म्हणून निम्मे पैसे अडवायचे. अहो, पावसाळ्यात पट्टीखालचं फेल्ट दमटपणाने फुगतं, जाणकार माणसाला दहा मिनिटांचं काम आहे ते. आणि चेक देऊन मागाहून स्टॉप पेमेंट तर अजिबात करू नका, त्यावरूनही चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) केस होऊ शकते.

खरी भांडणं होतात ती ट्युनिंगवरून. पियानोत साधारण २३० तारा असतात, नव्या घातल्या की त्या ताणत राहतात आणि सूर हळूहळू उतरतो, पहिल्या वर्षात तीन-चार वेळा ट्युनिंग लागणारच, हा काही कामातला दोष नाही. पण त्यातली किती ठरलेल्या रकमेत आणि किती वेगळ्या पैशांत, हे आधी विचारलंय का? मी नव्हतं विचारलं. मात्र बाकी सगळे सूर थोडेथोडे उतरलेत आणि एकच सूर चार दिवसांत पार बेसूर, तर ती तार जिच्यावर गुंडाळलीय ती पिन सैल असू शकते. बऱ्याच पिना अशा निघाल्या तर पिनब्लॉकचाच, म्हणजे पिना ज्यात ठोकलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्याचाच प्रश्न, म्हणजे किरकोळ नाही, इथे बाकी पैसे खुशाल थांबवा आणि दुसऱ्या ट्युनरला दाखवा.

फोनवर "काहीतरी बिघडलंय" सांगू नका. कुठली पट्टी, जोरात की हळू वाजवल्यावर, पेडल दाबून की न दाबता, एवढं लिहा आणि व्हिडिओ पाठवा, म्हणजे एकाच खेपेत सगळं उरकतं.

आणि तक्रार करायच्या आधी पियानोवरच्या वस्तू उचलून बघा. आमच्याकडे एक सूर झणझणायचा, कारागीर खास त्यासाठी आला, त्याने वरचा फोटोफ्रेम उचलला आणि आवाज बंद! व्हिजिटचे पैसे मी गुपचूप दिले.