डीपीएफचा दिवा लागला तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी आणली की पहिला प्रश्न हाच असतो: डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला तर काय करायचं? दिवा लागल्या लागल्या इंजिन बंद करू नका. महाद्वार रोडच्या गर्दीत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, काजळी फिल्टरमध्ये साठते. सरळ हायवे धरा, कागलच्या दिशेनं वीसेक मिनिटं एका गतीत चालवा. फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापला की काजळी जळते. गाडी थंड झाल्यावर धुराच्या नळकांड्यात बोट फिरवा. काळंकुट्ट आलं तर फिल्टर फुटला असणार.

धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला डीईएफ, म्हणजे नोझलमधून धुरात फवारलं जाणारं युरियाचं पाणी. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया असतो. एका ऊसवाल्या दादांनी शेतातला युरिया विरघळवून ओतला. नोझलवर पांढरे खडे धरले, मी तासभर खरवडत होतो. तसलं नका करू, बाबांनो. डीईएफच्या निळ्या झाकणाच्या टाकीत चुकून डिझेल गेलंच, तर सेल्फ मारू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.