आगोटीत फोटोंचीही बेगमी
मिरगाआधी सुकी मासळी नि कोकमं भरून ठेवता ना? तशीच फोटोंचीही बेगमी करा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर सगळं कॉपी करा, दोन-चार फोटो उघडून बघा, ‘सेफली रिमूव्ह’ करूनच ती काढा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. (तांदूळ नकोत, त्यांची भुकटी पोर्टात जाते.) इथल्या कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कच्या पिना लवकर गंजतात. दुसरी प्रत मुंबईच्या भावाकडे किंवा क्लाउडवर असू द्या.

विजेपासून वाचवायला कॉम्प्युटरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही. आभाळ भरून आलं की वीज कडाडू लागण्याआधीच प्लग उपसा. इंटरनेट फायबरचं असलं तरी राउटरचा अडॅप्टरसुद्धा.