डिनचा मीटर, ४०० चा रोल

काकांच्या जुन्या जर्मन लाइट मीटरवर (प्रकाश मोजायचं यंत्र) फक्त डिनचे, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेच्या जर्मन मापाचे आकडे, माझा रोल मात्र आयएसओ ४०० चा. उत्तर डबीवरच छापलेलं: ४००/२७°. मीटर २७ वर लावला, झालं. गणित सोपं आहे. आसा (अमेरिकन माप) १०० म्हणजे डिन २१. पुढे दर तीन अंशांना संवेदनशीलता दुप्पट. २४ ला २००, २७ ला ४००. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मापात हे दोन्ही आकडे जोडीने आले, बरं झालं.

मीटर सेलेनियमचा, म्हातारा; असे सेल वयाने मंदावतात. म्हणून यावलजवळ भर उन्हात ताडून पाहिला. एफ १६ ला (भिंगाच्या छिद्राचा आकडा) १/५०० सेकंद दाखवलं; भर उन्हात ४०० च्या रोलला साधारण एवढंच यायला हवं, म्हणजे शाबूत आहे. केळीच्या बागेत शिरताच काटा घसरला: एफ ५.६, १/१२५. तब्बल पाच स्टॉप, म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा! आपल्याकडच्या उन्हाला ४०० जरा जास्तच. बाहेरच्या फोटोंसाठी १०० चा रोल घ्या आणि मीटर २१ वर ठेवा.