अपग्रेड अर्ध्यात अडकलं? आधी /बूट बघा

उबुंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ वरून २४.०४ वर जाताना काम निम्म्यावर आलं आणि टर्मिनलमध्ये ओळ उमटली : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर तर दोनशे जीबी मोकळे. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका'. दोन, '/बूटमधल्या जुन्या फायली उडवा' (/बूट म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायलींची जागा). पहिला सल्ला आळशी आहे, दुसरा घातक. दुसरा मी एकदा ऐकला होता, त्याची फळं पुढे सांगतोच.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि जवळजवळ सगळी लहान लिपीतली. बॅकअप घेतलेला आहे, चार्जर लावलेला आहे आणि त्याच आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून उबुंटू सुरू होतं तो) हाताशी आहे, असं धरून चालतो. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर ज्या वेळी तुमच्याकडे वीज जाते ती वेळ टाळा.

अपग्रेड

'सुडो ॲप्ट अपडेट' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, ॲप्ट म्हणजे पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्राम), मग 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड', रीबूट, मग 'सुडो डू-रिलीज-अपग्रेड'. बस. शेवटच्या आज्ञेला '-डी' जोडायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका, तो चाचणीच्या आवृत्तीसाठी आहे. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २२.०४ वाल्यांना ती २४.०४.१ आल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी पुढे केली गेली. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. तेवढे चार महिने थांबल्याने कुणाचं काही अडत नाही.

जागा संपते कुठे

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर /बूट नावाचं वेगळं, छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा राखून ठेवलेला तुकडा, बनतं. माझा लॅपटॉप १८.०४ च्या काळात लावलेला, तेव्हापासून फक्त अपग्रेड होत आलेला. त्यावर हे पार्टिशन ७०४ एमबीचं आहे. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच्या एकाहून अधिक आवृत्त्या साठत जातात. दर कर्नलमागे इथे मुख्यतः दोन मोठ्या फायली पडतात : खुद्द कर्नल (पंधरा एमबीच्या आत-बाहेर) आणि त्याचा इनिटआरडी, म्हणजे खरी डिस्क उघडेपर्यंत लागणारी छोटी तात्पुरती सिस्टिम. हा इनिटआरडी दरवर्षी जाडा होत चाललाय. माझ्याकडे तो आता १३० एमबीच्या घरात आहे, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर असले की आणखी.

आता एक गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. इनिटआरडी नव्याने बनतो तेव्हा तो जुन्याच्या जागी लिहिला जात नाही. आधी शेजारी '.न्यू' नावाने पूर्ण फाइल तयार होते आणि मग तिचं नाव बदललं जातं. म्हणजे असलेला इनिटआरडी नुसता ताजा करायलाही एका पूर्ण इनिटआरडीएवढी जागा रिकामी लागते. चार कर्नल साठले की ५८० एमबी गेले, वर १३० हवेत, आणि आहेत एकूण ७०४. हिशेब इथेच फसतो.

जुना कर्नल चालू होत असेल तर

अपग्रेड अडकल्यावर लगेच रीबूट करू नका. मशीन चालू आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. रीबूट झालंच असेल, तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. एस्केप एकदाच. घाबरून दहादा दाबलात तर काळ्या पडद्यावर 'ग्रब>' येईल. तसं झालं तर बंद करून पुन्हा सुरू करा.

आत शिरलात की 'डीएफ -एच /बूट' ने जागा बघा. शंभर टक्के दिसलं की निदान पक्कं. यानंतर बहुतेक जण नको असलेली पॅकेजं काढायला 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' मारतात. ॲप्ट म्हणतं, आधी 'फिक्स-ब्रोकन' करा. ते केलं की म्हणतं, जागा नाही. 'पहले आप, पहले आप' करत गाडी सुटते. या कोंडीतून ॲप्ट बाहेर काढणार नाही, त्याच्या खालचं डीपीकेजी काढतं.

'यूनेम -आर' ने सध्या चालू असलेला कर्नल बघा आणि कागदावर लिहा. कागदावरच, कारण पुढच्या दहा मिनिटांत हे आकडे डोळ्यांसमोर नाचायला लागतात. मग 'डीपीकेजी -एल' ला 'लिनक्स-इमेज' शोधायला लावा. ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' म्हणजे नीट बसलेलं. 'आरसी' म्हणजे काढलेलं, /बूटमध्ये त्याची जागा नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. 'आयएफ' म्हणजे अर्धवट राहिलेलं, हाच आपला रुग्ण. 'आयआय' असलेल्यांतला सर्वांत जुना आणि चालू नसलेला कर्नल निवडा, आणि त्याची 'लिनक्स-इमेज', 'लिनक्स-मॉड्यूल्स' आणि 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' ही तिन्ही पॅकेजं एकाच 'सुडो डीपीकेजी --पर्ज' (म्हणजे समूळ काढा) आज्ञेत द्या. एकेक दिलीत तर ती एकमेकांवर अवलंबून असल्याची तक्रार करतील.

मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. दहातल्या नऊ वेळा इथे काम संपतं.

/बूटमधून हाताने काय उडवायचं, यावर माझं मत ठाम आहे. अर्धवट राहिलेली '.न्यू' फाइल उडवा, डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर कर्नलला जोडणाऱ्या प्रोग्रामने) मागे ठेवलेल्या '.ओल्ड-डीकेएमएस' फायली उडवा. बाकी एकही नाही. पर्जलाही जागा पुरत नसेल, तर सर्वांत जुना इनिटआरडी 'एमव्ही' ने /रूट या फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका. हलवलेली फाइल परत आणता येते. (जाता जाता : ॲप्टच्या लॉकची फाइल पुसण्याचा सल्लाही असाच. लॉक आहे कारण कुणीतरी आत काम करतंय. आधी कोण ते बघा.)

काहीच चालू होत नसेल तर

आता माझी गोष्ट. मी इनिटआरडी पुसताना आवृत्तीच्या आकड्यापुढे तारा (*, म्हणजे 'पुढे काहीही') लावला. त्या ताऱ्यात चालू कर्नलचा इनिटआरडीही गेला. रीबूट केल्यावर 'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' (रूट म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन). ही ओळ वाचून लोकांना वाटतं डिस्क मेली. डिस्कला काही झालेलं नसतं. कर्नलला इनिटआरडी सापडला नाही एवढाच तिचा अर्थ. कोंडी फोडताना अर्धवट बसलेला नवा कर्नल सुरू केला तरी हीच ओळ येते.

उपाय सगळ्यांना माहीत आहे : लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, डिस्क माउंट करा (म्हणजे एका फोल्डरला जोडा), 'सीएचरूट' करून आत शिरा (म्हणजे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये काम करा), इनिटआरडी नव्याने बनवा. हे मी केलं. सगळं बिनतक्रार झालं. रीबूट केलं, तर पॅनिक गेलं होतं, पण पासवर्ड विचारलाच नाही. थोडा वेळ थांबून '(इनिटरामएफएस)' असा ठोकळा पुढे आला, आणि वर 'अलर्ट', रूटचं पार्टिशन अस्तित्वात नाही. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा तेच. शनिवारची अख्खी रात्र यात गेली.

चूक कुठे होती? लाइव्ह डेस्कटॉपवर मी फाइल्स उघडून डिस्कवर क्लिक केलं आणि पासवर्ड दिला. डिस्क उघडली, पण 'लक्स-' पुढे लांबलचक आकडे अशा नावाने. माझ्या सिस्टिममधल्या '/ईटीसी/क्रिप्टटॅब' या एन्क्रिप्टेड डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये मात्र तिचं नाव 'एसडीए३_क्रिप्ट' होतं. इनिटआरडी बनवणारा प्रोग्राम आत्ता उघडलेल्या डिस्कचं नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधतो. सापडलं नाही तर एक इशारा छापतो आणि डिस्क उघडण्याची माहिती न घालताच पुढे जातो. तो इशारा मला दर वेळी दिसत होता. 'वॉर्निंग तर आहे, एरर कुठेय' म्हणून मी सोडून देत होतो.

म्हणून एन्क्रिप्ट केलेली डिस्क माउसने उघडायची नाही. आधी 'एलएसबीएलके -एफ' ने पार्टिशनं ओळखा : 'क्रिप्टो_लक्स' लिहिलेलं मुख्य, छोटं 'ईएक्सटी४' म्हणजे /बूट, 'व्हीफॅट' म्हणजे ईएफआय (मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचलं जाणारं पार्टिशन). मग 'सुडो क्रिप्टसेटअप ओपन', पुढे पार्टिशन, पुढे क्रिप्टटॅबमधलं नाव, अक्षर न् अक्षर तेच. नाव आठवत नसेल तर एकदा कुठल्याही नावाने उघडा, रूट माउंट करून क्रिप्टटॅब वाचा, सगळं अनमाउंट करा, 'व्हीजीचेंज -एएन' देऊन (आतले विभाग बंद करून) 'क्रिप्टसेटअप क्लोज' करा, आणि योग्य नावाने पुन्हा उघडा. उबुंटूच्याच वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळी नावं देतात, तेव्हा दुसऱ्याच्या लेखातलं नाव उचलू नका. माझंही नाही.

त्यानंतर 'व्हीजीचेंज -एवाय' (आतले विभाग चालू करायला), रूट /एमएनटीवर माउंट, /बूटचं पार्टिशन /एमएनटी/बूटवर, ईएफआय /एमएनटी/बूट/ईएफआयवर. /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चारही 'माउंट --बाइंड' ने आत जोडा. /रन बरेच जण विसरतात; मग आत गेल्यावर इंटरनेट आहे पण कुठलंच नाव सापडत नाही, कारण पत्ते शोधायची फाइल तिथूनच येते.

'सुडो सीएचरूट /एमएनटी' केल्यावर सर्वांत आधी 'डीएफ -एच /बूट'. इथे मोठं रूट पार्टिशन दिसलं, म्हणजे तुम्ही /बूट माउंट करायला विसरलात. तसेच पुढे गेलात तर इनिटआरडी रूटमधल्या /बूट नावाच्या फोल्डरमध्ये पडेल, सगळं यशस्वी दिसेल आणि ग्रबला मात्र तो कधीच दिसणार नाही. हाही धडा माझ्याच खर्चाने.

जागा आधी सांगितल्याप्रमाणे मोकळी करा, 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि 'फिक्स-ब्रोकन' चालवा. कुठला कर्नल काढायचा हे ठरवताना इथे 'यूनेम -आर' वर विसंबू नका. तो पेनड्राइव्हचा कर्नल सांगतो, तुमच्या डिस्कचा नाही. 'एलएस /लिब/मॉड्यूल्स' ने खऱ्या आवृत्त्या बघा. मग 'अपडेट-इनिटरामएफएस -सी -के' आणि पुढे त्यातली पूर्ण आवृत्ती. '-यू' नको, तो असलेला इनिटआरडी ताजा करतो, आपल्याकडे तो नाहीच, म्हणून '-सी'.

आता छापून येणारी प्रत्येक ओळ वाचा. 'क्रिप्टसेटअप : वॉर्निंग' ने सुरू होणारी आणि क्रिप्टटॅबचं नाव घेणारी ओळ दिसली तर रीबूट करू नका, नाव चुकलंय. ग्राफिक्सच्या फर्मवेअरबद्दल 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' अशा दहा ओळी येतील, त्या खुशाल सोडा. शेवटी 'अपडेट-ग्रब', 'एक्झिट', अनमाउंट, रीबूट.

नंतरची किरकोळ कामं

अपग्रेड पुढे सरकलं की कधीकधी विचारतं, सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? तुम्ही बदललेल्या फाइलबद्दलच ते विचारतं. 'डी' दाबून फरक बघा. बदल का केला होता ते आठवत असेल तर 'एन', नसेल तर 'वाय'. नवी घेतली तर जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' नावाने शेजारीच राहते.

बाहेरच्या रिपॉझिटरी (उबुंटूच्या नसलेल्या सॉफ्टवेअरचे स्रोत) अपग्रेडने बंद केलेल्या असतात. एकेक करून चालू करा, सगळ्या एकदम नाही.

'/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स'मधल्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'कॉम्प्रेस' ही ओळ 'एक्सझेड' करा (या ओळीतलं 'कॉम्प्रेस' मोठ्या लिपीत). इनिटआरडी बनायला वेळ लागतो, पण लहान होतो. त्याच फाइलमधलं 'मॉड्यूल्स' 'डेप' करायचा सल्लाही मिळेल, त्याने फाइल आणखी लहान होते. मी करत नाही. त्यात फक्त आत्ताच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर भरले जातात, आणि लॅपटॉप बिघडून डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली की ती सुरूच होत नाही.

आणि /बूटच मोठं करता येतं का? येतं. पण त्यासाठी शेजारचं एन्क्रिप्टेड पार्टिशन आधी आतून, मग बाहेरून आक्रसावं लागतं आणि मग सरकवावं लागतं. मी एकदा केलं, अख्खा रविवार गेला, पुन्हा करणार नाही. २४.०४ नव्याने टाकलं तर /बूट जवळपास दोन जीबीचं मिळतं. सहा वर्षं जुनं इन्स्टॉलेशन असेल आणि बॅकअप तपासलेला असेल, तर तो फॉरमॅटचा सल्ला फक्त इथे मला मान्य आहे.