समीक्षकांनी झोडपलेल्या आवडत्या चित्रपटाची बाजू कशी मांडावी

आवडत्या चित्रपटाला समीक्षकाने दीड तारा दिला की आपली गाडी बहुधा समीक्षकाच्या लायकीवर घसरते. त्याला सामान्य प्रेक्षकाची नाडी कळत नाही, महोत्सवांतले संथ चित्रपट पाहून त्याची रुची बिघडली आहे, असे काहीबाही बोलले जाते आणि ज्या चित्रपटासाठी वाद सुरू झाला तो बाजूलाच राहतो. पुण्यात, जिथे कट्ट्यावरच्या चौघांत एखादा तरी रसास्वादाचे शिबिर करून आलेला निघतो, तिथे हा पवित्रा फार वेळ टिकत नाही. बाजू मांडायची तर ती पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते त्याच्या आधारे मांडावी लागते.

त्यासाठी आधी परीक्षण पूर्ण वाचावे. ताऱ्यांवर थांबू नये. आक्षेप नेमका कशावर आहे हे, समीक्षकालाही मान्य होईल अशा शब्दांत, वहीत लिहून काढावे. कथा विस्कळीत असणे, अभिनय भडक असणे आणि विचार प्रतिगामी असणे हे तीन वेगळे आक्षेप आहेत, आणि तिन्हींना एकच उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा एकालाही उत्तर देत नसतो. जुन्या चित्रपटाबाबत तर ‘तेव्हा सगळ्यांनी झोडपला होता’ ही बहुधा ऐकीव गोष्ट असते. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय अशा शोधासाठीच आहे. त्या काळातले मूळ परीक्षण हाती लागले, तर ते आपण समजत होतो त्यापेक्षा सौम्य निघण्याची शक्यताही धरून चालावे.

त्यानंतर चित्रपट पुन्हा पाहावा आणि आक्षेपाला थेट भिडणारा एकच प्रसंग निवडावा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ची सुरुवातीची अनेक परीक्षणे प्रतिकूल होती, आणि फिल्मफेअर पारितोषिकांपैकी त्याच्या वाट्याला एकच आले, ते संकलनाचे, एम. एस. शिंदे यांना. समजा, समोरचा म्हणाला की हा हिंसाचाराचे भांडवल करणारा चित्रपट आहे. अशा वेळी गब्बरचे संवाद म्हणून दाखवण्यात अर्थ नाही, कारण ते त्यालाही पाठ असतात. त्याऐवजी ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग घ्यावा. गोळी लागताच एकेक माणूस गोठलेल्या चित्रात थांबतो. त्या शांततेत झोपाळ्याची करकर तेवढी ऐकू येत राहते. लहान मुलावर बंदूक रोखली जाते आणि दृश्य एकदम ठाकूरला घेऊन येणाऱ्या आगगाडीवर जाते. मुलाचा मृत्यू आपण पाहिलेलाच नसतो. हिंसेची चटक लावायची असती तर संकलकाने नेमका तोच क्षण का गाळला असता, हा प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे.

सगळेच चित्रपट इतके सोयीचे नसतात. ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटावरचा आक्षेप असा की तो अतिभावुक आहे आणि सोसणाऱ्या सुनेला आदर्श ठरवतो. माझ्या मते हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि बाजू मांडणाऱ्याने तो पहिल्याच वाक्यात मान्य करावा. मान्य केल्याने पुढचे बोलणे ऐकून घेतले जाते. मग सांगण्यासारखे उरते ते असे की सासर-माहेरची घुसमट, जी एरवी घरातल्या घरात दाबली जाई, ती या चित्रपटाने कथेच्या मध्यभागी ठेवली आणि अलका कुबल यांनी ती कसलाही संकोच न करता साकारली. थिएटरात बायका मोकळेपणाने रडल्या, तेव्हा त्या सगळ्याजणी नायिकेसारखे सोसायला निघाल्या होत्या असे मानणे हा त्या प्रेक्षकांवर अन्याय आहे. चित्रपटाचा उपदेश आणि प्रेक्षकाने त्यातून घेतलेला अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या की अवघड चित्रपटाचीही बाजू प्रामाणिकपणे मांडता येते.

‘इतके आठवडे हाउसफुल्ल होता’ हा मुद्दा मात्र वापरू नये. गल्ल्यावरून चित्रपट किती जणांपर्यंत पोहोचला ते कळते, तो कसा आहे ते कळत नाही. ‘काळच ठरवेल’ हेही तसेच. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत उमेदवारी केलेल्या गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ १९५९ साली सपशेल पडला आणि पुढे नावाजला गेला, हे खरे; पण पडलेले बहुतेक चित्रपट पडलेलेच राहिले, हेही तितकेच खरे आहे. ‘कागज़ के फूल’ची बाजू घ्यायची तर छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत उतरवलेल्या त्या प्रकाशाच्या झोताविषयी बोलावे, त्याच्या नंतरच्या कीर्तीविषयी नव्हे. एखादा चित्रपट शाळेत असताना आजीबरोबर पाहिला होता, म्हणून आवडतो, हे कारण लपवू नये. फक्त ते पुरावा म्हणून पुढे करू नये.

एवढे करूनही शेवटी चित्रपट दाखवावाच लागतो. तो मोबाइलवर तुकड्यांत न दाखवता, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर सलग दाखवावा, आणि मध्येच कोपर मारून ‘आता बघ हं’ म्हणण्याचा मोह आवरावा, कारण त्या सूचनेने चांगला प्रसंगही फुकट जातो. संपल्यावर पाहुण्याला आधी बोलू द्यावे. त्याला आवडला नसेल तर नेमक्या कोणत्या प्रसंगापाशी त्याचे मन उडाले ते विचारावे आणि उत्तर वहीत आपल्या मुद्द्याशेजारी टिपून ठेवावे. पुढच्या माणसापुढे बाजू मांडताना बहुधा तोच आक्षेप पहिला येतो.