पिशवीच्या ऑपरेशनला निघताना पिशवीत काय भरायचं

दसरा तोंडावर आला की आमच्या ओपीडीत पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला येणाऱ्या ऊसतोड बायांची रांग वाढते. मुकादमाकडून तोडणीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालेली असते, दिवाळी झाली की टोळी हलणार, तेवढ्यात एकदाचं उरकून टाकू असा हिशोब. फडात पाळी आली तर ना पाणी ना आडोसा, आणि एक दिवस कोपीवर, म्हणजे झोपडीत, बसलं की खाडा कापला जातो. घाई कुठून येते ते मला कळतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. मी थिएटरची सिस्टर, ऑपरेशनशी माझं वैर नाही. काहींचा जीव त्यानेच वाचलेला पाहिलाय. पण तयारी घरूनच करून यावी लागते, म्हणून लिहितेय.

आधी कागद. असतील नसतील तेवढे सगळे एका कॅरीबॅगमध्ये: जुन्या सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, बाळंतपणाची आणि नसबंदीची कार्डं, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. सोबत वहीचं एक पान. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस अंगावरून गेलं, दिवसाला किती घड्या किंवा पॅड लागले, गाठी पडल्या का. शाळेत जाणारी लेक असेल तर तिच्याकडून लिहून घ्या. ‘लई जातं’ एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही, ‘दिवसाला आठ घड्या, सात दिवस’ यावर येतं. तांबी बसवलेली असेल तर तेही सांगा, तिनेही अंगावर जास्त जातं.

मग रिपोर्ट कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. गेल्या वर्षी धारूरकडची एक बाई आली, वय बत्तीस. नवरा म्हणाला, पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल असं सांगितलंय. मी रिपोर्ट उलगडला. दोनच गोष्टी होत्या त्यात, ‘बल्की युटरस’ आणि ‘नाबोथियन सिस्ट’. तीन लेकरं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसतेच. नाबोथियन सिस्ट म्हणजे पिशवीच्या तोंडाशी साचलेले चिकट पाण्याचे बारीक फोड. ते निरुपद्रवी असतात आणि बहुतेकदा त्यांना औषधही लागत नाही. तिचा खरा त्रास होता पांढरं जाणं आणि खाज. आमच्या मॅडमनी आतून तपासलं, जंतुसंसर्ग होता, गोळ्या दिल्या आणि नवऱ्यालाही घ्यायला लावल्या. नवऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पुढे ती परत आली नाही. बरी झाली की दुसरीकडे जाऊन काढून आली, देव जाणे.

पांढरं जाण्यासाठी सरकारी दवाखान्यातलं सुरक्षा क्लिनिक आहे, तिथे तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. कॅन्सरचं भय घातलं असेल तर विचारा, तुकडा काढून तपासला का? पिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीवर पक्का होत नाही, बायोप्सी लागते. त्याआधीची साधी तपासणी, तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का पाहायची, तिशीनंतर सरकारी दवाखान्यात होते आणि पाच मिनिटांत आटोपते. पंचेचाळिशीपुढे अंगावरून जास्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडाही तपासून घ्यावाच. फायब्रॉइडची गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे, पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप आक्रसते.

डॉक्टरसमोर बसलात की तीन प्रश्न विचारा, लाजू नका. गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने भागेल का? (ही तांबी रक्तस्राव कमी करते आणि काही वर्षं चालते, आपल्याकडे तिचं नावच कुणी काढत नाही.) सहा महिने थांबलं तर काय बिघडेल? आणि अंडाशय ठेवणार की तेही काढणार? हा तिसरा प्रश्न बहुतेक जणी विचारतच नाहीत. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले की पाळी जाण्याची सगळी लक्षणं एकदम अंगावर येतात, गरम वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं. अंडाशय ठेवले तरी ते वेळेआधी थकू शकतात. उत्तर पटलं नाही तर एक दिवस मोडा आणि अंबाजोगाईला स्वारातीमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दाखवून या. उचलीच्या तारखेपायी तो दिवस वाचवू नका.

ठरलंच तर आता शरीराची तयारी. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल आणि जिवावरची निकड नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलणारा डॉक्टर शहाणा समजा. लोहाच्या गोळ्या लिंबू पिळून जेवणासोबत चालतील, चहासोबत नको. रक्तगट तपासून ठेवा, आणि घरातले दोन धडधाकट पुरुष त्या दिवशी दवाखान्यातच असू द्या, रक्त लागलं तर पळापळ नको. बीपी, शुगर, दमा, फिट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सगळं भुलीच्या डॉक्टरला सांगा. मिश्री लावत असाल तर तेही. सासू शेजारी बसली म्हणून लपवू नका.

आदल्या रात्री हलकं जेवण. ऑपरेशनच्या सहा तास आधीपासून खाणं बंद, आणि दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते भुलीचे डॉक्टर सांगतील. जोडवी, फुली, बांगड्या घरीच काढून ठेवा. नेलपॉलिश पुसा, बोटाच्या चिमट्याला ऑक्सिजन नीट कळायला हवा. सहीचा कागद मराठीत वाचून घ्या. अंगठा देणार असाल तर वाचून दाखवणारा माणूस आपला आणा, आणि त्यात अंडाशयांचं काय लिहिलंय ते बोट ठेवून विचारा.

थिएटरात आत घेतल्यावर तुमचं नाव आणि कसलं ऑपरेशन हे पुन्हा पुन्हा विचारलं जाईल. चिडू नका, आम्ही विसरलेलो नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची एकोणीस मुद्द्यांची यादी आहे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी थांबून बघायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, त्यात दिल्लीचंही एक होतं. शेवटी मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायची फडकी, मोजायचे असतात. एकदा रात्री अकराला आमचा एक मॉप कमी भरला. सर्जन टाके घालायला अधीर, आणि मी आणि वॉर्डबॉय बकेटमधले मॉप ट्रेवर पसरून पुन्हा मोजतोय. दोन एकमेकांना चिकटले होते. तोवर टाका घालू दिला नाही.

काढलेली पिशवी फॉर्मालिनच्या बरणीत तपासणीला जायला हवी. तो रिपोर्ट मागून घ्या, नुसत्या बिलावर घरी येऊ नका. घरी आल्यावर ताप, घाण वासाचं पाणी, पॅड भिजेल इतकं रक्त, पोटरीला सूज, लघवी अडणं किंवा लघवीच्या वाटेव्यतिरिक्त पाणी झिरपणं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं तर नाहीच. म्हणजे दसऱ्यानंतर ऑपरेशन केलं तर दिवाळीच्या टोळीत तुमचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बसत नाही. हे मुकादमाला उचल घ्यायच्या आधी नवऱ्याने सांगायचं.

आणि टोळीसोबत कधीही निघालात तरी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवा. सांगली-कोल्हापूरकडे रात्री पोट दुखलं तर तिथल्या डॉक्टरला तुमचे अंडाशय आहेत की नाहीत ते त्यावरूनच कळेल.